एकोणीस चिठ्ठ्या आणि एक

माझ्याविरुद्ध पहिली तक्रार आली तेव्हा मी हसत सुटले. ठाण्याच्या आमच्या ऑफिसात, साहेबांच्या टेबलासमोर, खुर्चीचा दांडा घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभर कायदा शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक ते, त्यांचं बोलणं अगदी छापल्यासारखं. हसणं मात्र त्यांनी बहुधा निवृत्तीच्या दिवशी कॉलेजातच जमा करून टाकलं होतं. मी जरा थांबल्यावर ते म्हणाले, "आपलं झालं असेल तर पुढे वाचतो. अजून अठरा आहेत."

नको तिथे हसू येणं हा माझा जुना आजार आहे. शाळेत प्रार्थनेला यायचं, मामाच्या साखरपुड्यात भटकलेल्या फोटोग्राफरला बघून आलं, आणि एकदा तर विहारात सगळे डोळे मिटून बसलेले असताना आलं. त्या दिवशी आईने माझ्या मांडीला काढलेला चिमटा मला अजून आठवतो. अशा बाईने मानवी हक्कांच्या संस्थेत नोकरी धरावी म्हणजे कमालच, पण मी धरली.

आमची संस्था देशभर काम करते. कामं दोन. एक, नजर ठेवायची. वसतिगृहात, कोठडीत, दवाखान्यात, कारखान्यात माणसांना माणसासारखं वागवतात की नाही ते जाऊन बघायचं आणि लिहायचं. दुसरं, शिकवायचं. मी आधी डोंबिवलीत एका क्लासमध्ये नागरिकशास्त्र शिकवत होते, म्हणून शाळांचं काम माझ्याकडे आलं. पहिले सहा महिने प्रोबेशन. त्यानंतर कायम, नाहीतर नमस्कार.

डोंबिवलीची नोकरी सोडली तेव्हा घरी आठ दिवस महाभारत चाललं. आई पालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, वॉर्डातल्या डॉक्टरांना दटावून तिची हयात गेलेली, मी तर तिची मुलगीच. शेवटी आमचा तह झाला. ती म्हणाली, "सहा महिने. कायम झालीस तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही झालीस तर गुपचूप डोंबिवली." क्लासवाल्यांना परस्पर फोन करून तिने माझी जागाही धरून ठेवली होती.

पण मला हे काम इतकं आवडायला लागलं की भीतीच वाटायची. सकाळी चपला घालतानाच आनंद व्हायचा. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत मी एका आठवड्यात प्रसिद्ध झाले. जिन्यात गाठून बायका विचारायच्या, "अगं, वरची बाई सकाळी सहाला मिक्सर लावते, ते बसतं का गं तुमच्या हक्कात?" एक आजोबा तर रोज नव्या तक्रारीचा कागद आणायचे, आणि तक्रार कायम त्यांच्या सुनेच्या चहाची असायची.

साहेबांचे नियम तीन होते आणि त्यांच्यापुढे ब्रह्मदेवाचंही चाललं नसतं. पहिला, जबाब ज्याचा असेल त्याच्याच शब्दांत लिहायचा आणि लिहून झाल्यावर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. दुसरा, तपासून होईपर्यंत कुठलीच गोष्ट खरी किंवा खोटी नाही, ती फक्त 'कथित'. तिसरा, आलेली प्रत्येक तक्रार, मग ती कितीही फुटकळ असो, तिला क्रमांक द्यायचा आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. दुसऱ्या नियमाची मला इतकी सवय लागली की एकदा जेवताना मी म्हणाले, "आई, आमटीत कथित मीठ जास्त झालंय." आई म्हणाली, "ताट उचलते, मग बस तपास करत."

माझी पहिली शाळा कल्याणची. स्टेशनवरून रिक्षा, मग घाऊक बाजाराच्या मागची गल्ली. गोणी उतरवणाऱ्या माणसांमधून वाट काढत पोचायचं. शाळा छोटी, दुमजली, पण पुढे चांगलं ऐसपैस मैदान. मुख्याध्यापक फार अगत्यशील. चहा मागवला आणि म्हणाले, "सातवीला शुक्रवारचा शेवटचा तास घ्या की. मोकळाच असतो." मला हर्ष झाला. बाकी शाळांमध्ये तास मिळवायला नाकदुऱ्या काढाव्या लागतात, इथे स्वतःहून देतायत. मोकळा का असतो, हे काही मी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर अख्ख्या शाळेचं वेळापत्रक टांगलेलं होतं. खोलीत शिरताच काय काय टिपायचं याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली मी, त्या वेळापत्रकाखाली बसून निवांत चहा प्यायले.

आठ शुक्रवार शिकवलं. आणि काय रंगायचे ते तास! नाटुकली, वादविवाद, खोटं कोर्ट. तक्रार कशी लिहायची तेसुद्धा शिकवलं: कोणी, काय, कधी, कुठे, आणि पुरावा. एक पत्र्याचा डबा रंगवून त्याला फट पाडली, कुलूप लावलं आणि वर्गाबाहेर टांगला. किल्ली फक्त ठाण्याच्या ऑफिसात. "यात टाकलेलं फक्त आमची संस्था वाचणार, शाळेतलं कुणी नाही," असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

सातवा तास होता खेळण्याच्या हक्काचा. मी त्या दिवशी पेटलेच होते. मुलांच्या वाढीला खेळ कसा हवा, खेळाची वेळ कुणालाही कशी हिरावून घेता येत नाही, फळा भरला, आवाज बसला. खिडकीबाहेर मैदान रिकामं पडलं होतं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. दोन वेण्या, लाल रिबिनी, बाकाखाली सतत हलणारा पाय. हिचे प्रश्न मला फार आवडायचे.

"ताई, हा हक्क मुलींना पण?"

"अर्थात!"

"आणि कोणी घेतला तर?"

"तक्रार करायची!" असं म्हणून मी नाटकातल्यासारखा हात लांब करून डब्याकडे बोट दाखवलं. तिने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मुलं मन लावून शिकतायत म्हणून मला भरून आलं.

तर पुढच्या आठवड्यात आठव्या तासानंतर डबा ऑफिसात उघडला तो असा. एकोणीस चिठ्ठ्या, एकोणिसाव्या चिठ्ठीपर्यंत एकच आरोपी. साहेब बातम्या द्याव्यात तशा सुरात वाचत होते.

"'ताई चांगल्या आहेत पण आमचा पी.टी.चा तास खातात.' क्रमांक एक. 'ताईंनी शिकवले की खेळ हा हक्क आहे. हे त्यांनी खेळाच्या तासाला शिकवले. तरी चौकशी व्हावी.' क्रमांक दोन. 'ताईंचे हसणे मला आवडते. तरी तक्रार आहे.' क्रमांक तीन."

सातव्या चिठ्ठीला वेळापत्रक जोडलं होतं. तीन रंगांच्या पेनांनी नक्कल केलेलं, शुक्रवारच्या शेवटच्या चौकोनाभोवती लाल गोल, खाली 'पुरावा'. मी खुर्चीवरून घसरायची बाकी होते. माझीच पोरं, माझ्याच पाच मुद्द्यांत, मलाच! इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि इतकी लाजही.

"सर," मी डोळे पुसत म्हटलं, "पी.टी.चा तास आहे हो शेवटी!"

"कथित पी.टी.चा तास," साहेब म्हणाले. "आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार असेल तर बाहेरच्या जिल्ह्यातले दोघे येऊन चौकशी करतात. नाशिकला कळवतो. आणि तोवर तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्याकडे थांबेल."

माझं हसू तिथल्या तिथे बंद पडलं.

घरी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकलं, लाटणं खाली ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि हलायला लागली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. माझा आजार कुठून आला ते त्या दिवशी कळलं. बराच वेळ आम्ही दोघी ओट्याला टेकून हसलो. मग तिने डोळे पुसले आणि परत लाटणं उचलत म्हणाली, "डोंबिवलीला फोन करून ठेवते. गुपचूप."

चौकशीच्या दिवशी मी शाळेत तासभर आधी पोचले. दारात शिपाई मावशी बसलेल्या. त्या इथल्याच, शाळा उभी राहायच्या आधी त्यांच्या सासऱ्यांचं इथे शेत होतं म्हणे. "काय गो बाय, तुझीच चौकशी? काय चोरलंस?"

"तास चोरला, मावशी."

"तास?" मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग दे ना परत, त्यात काय!"

मुख्याध्यापकांनी मात्र मला बाजूला घेतलं. त्यांना घाम फुटला होता. "मॅडम, बाहेरची माणसं शाळेत येऊन मुलांना विचारणार, बरं दिसत नाही. मी असं करतो, सगळ्यांकडून लिहून घेतो की गंमत केली. एकोणीसच्या एकोणीस माफी मागतील. आणि तो डबाही काढून टाकतो, म्हणजे परत कटकट नको." खरं सांगते, एक कप चहा संपेपर्यंत मी विचार केला. तक्रारच नाही म्हटल्यावर कागद आपोआप सुटणार होता आणि डोंबिवली टळणार होती. मग मला तो लाल गोल आठवला. कुण्या पोरीने बहुधा जीभ बाहेर काढून, कंपास न वापरता, हाताने काढलेला गोल. मी म्हटलं, "नको सर. डबा राहू दे. आणि पोरांना कुणी काही बोलायचं नाही." माझा आवाज बराच चढला असावा, कारण मावशी आत डोकावून गेल्या.

नाशिकहून आलेल्या बाई विचारणार होत्या आणि सोबतचे गृहस्थ लिहिणार होते. वाचनालयात टेबल मांडलं. मला नियमाप्रमाणे कोपऱ्यात बसवलं, ऐकायचं, बोलायचं नाही. लाल रिबिनीवाली स्वतःहून पहिली आली. तिचा जबाब झाला, त्या गृहस्थांनी तो वाचून दाखवला: "ताई नेहमी आमचा तास घेतात."

"मी नेहमी नाय बोलली," ती म्हणाली. "आठ शुक्रवार बोलली. आठच लिहा. जास्त लिहिलं तर ताईंवर अन्याय होईल."

त्यांनी खोडून आठ लिहिलं. बाईंनी ओठ दाताखाली धरलेला मला दिसला. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

"बाकीच्या दिवशी खेळत नाही का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मधल्या सुट्टीत मैदान मोठ्या पोरांचं. स्टंप लावतात ना. आम्ही मधी गेलो की बोलतात, ए हटो. शुक्रवारी पी.टी.चे सर असतात म्हणून आम्हाला अर्धं मिळतं. आमची खो-खोची टीम बनत होती. मग ताई आल्या."

ओढणीचा बोळा मी हळूच तोंडातून काढला. हसण्यासारखं आता काही नव्हतं. 'मग ताई आल्या.' आठवड्यात पाऊण तास या पोरींचा होता, आणि मी तिथे जाऊन उभी राहिले होते, फळ्यावर त्यांचाच हक्क लिहीत.

माझी पाळी आली तेव्हा मी फार काही बोलले नाही. मग तो जबाब मला वाचून दाखवण्यात आला. "मी तास घेतला. वेळापत्रक भिंतीवर होतं. मी वाचलं नाही. मोकळा का आहे ते विचारलं नाही." आजवर मी कितीतरी जणांना त्यांचे जबाब वाचून दाखवले होते. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं ते मात्र तेव्हाच कळलं. एकही शब्द न खोडता मी सही केली.

निकाल आठ दिवसांत आला. तक्रार खरी. आठ तास परत करायचे, म्हणजे आठ शुक्रवार मुलींबरोबर मैदानावर, आणि तिथे एक शब्दही शिकवायचा नाही. डबा तसाच राहील. आठव्या शुक्रवारनंतर तो पुन्हा उघडायचा, आणि माझ्या नोकरीचं काय ते त्यात काय निघतं ते बघून. "पुन्हा एक जरी चिठ्ठी तुमच्या नावाने निघाली," साहेब म्हणाले, आणि वाक्य पूर्ण करायची गरज त्यांना वाटली नाही.

मी पुढचे आठ शुक्रवार जे खेळले! वय वर्षं बत्तीस, ओढणी कमरेला खोचलेली, पायात आईचे जुने कॅनव्हासचे बूट. खो मिळाला की मी किंचाळायचे. पहिल्या दिवशी पाचव्या पावलाला बाद झाले, दुसऱ्या दिवशी खांबालाच आदळले. लंगडीत तर पोरी मला मुद्दाम शेवटपर्यंत ठेवायच्या, बघायला मजा येते म्हणून. मावशी पंच झाल्या होत्या आणि उघड उघड माझ्या विरोधी पक्षात होत्या. घरी जाताना रिक्षातही मी एकटीच हसत असायचे, रिक्षावाला आरशातून बघायचा. आई रात्री माझ्या घोट्याला तेल चोळायची आणि म्हणायची, "हे तुमचं मानवाधिकार जरा जास्तच धावतं."

खेळ संपला की पोरं नळावर तुटून पडायची. पोरीही यायच्या, तोंडं धुवायच्या, चूळ भरायच्या आणि पाणी थुंकून टाकायच्या. एकदा मी लाल रिबिनीवालीपुढे माझी बाटली धरली. ती धापा टाकत होती, कपाळावरून घाम गळत होता. "नको ताई, घरी जाऊन पिते." तिच्या दप्तरालाही बाटली लटकत होतीच. मला वाटलं, किती सोवळी पोर आहे, दुसऱ्याची बाटली उष्टी करत नाही. आठही शुक्रवार मी हे बघितलं आणि त्यातून मला काहीही दिसलं नाही.

डबा पुन्हा साहेबांच्या टेबलावर आला. त्यांनी कुलूप काढलं, डबा उलटा केला. एकच चिठ्ठी पडली, चार घड्यांची.

एक. मी मनात आई क्लासवाल्यांना लावत असलेला फोन ऐकला. खो-खोत कुणाला धक्का दिला का? लंगडीत रडीचा डाव खेळले का? एकदा खेळले होते. साहेबांनी चिठ्ठी उघडली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने वाचली नाही. मनात वाचली. परत वाचली. मग टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"मुलींच्या संडासाला दिवसभर कुलूप असते. चावी ऑफिसात मागावी लागते. तिथे सगळ्यांसमोर विचारतात, मगाशी गेलेलीस ना, परत कशाला. म्हणून आम्ही मुली शाळेत पाणी पीत नाही. माझ्या मैत्रिणीला दोनदा दवाखान्यात नेले, तिला लघवीला जळजळ होते. आधीची तक्रार खरीच होती. पण ती आम्ही आधी टाकली कारण ताई मारणार नाहीत हे माहीत होते. तक्रार टाकल्यावर डबा राहतो का आणि लिहिणाऱ्याचे काय होते ते बघायचे होते. डबा राहिला. कधी: रोज. कुठे: शाळेत. पुरावा: आमच्या बाटल्या. शाळा सुटताना भरलेल्या असतात."

हसू नाही, काही नाही. आठ शुक्रवार थुंकलेलं ते पाणी डोळ्यांपुढे येत होतं. मुख्याध्यापकांपुढे चहाच्या त्या कपाबरोबर मी हो म्हटलं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

साहेबांनी रजिस्टर ओढलं आणि क्रमांक टाकला. "कथित," ते म्हणाले. "सोमवारी जा आणि तपासा. मीही येतो." मग खणातून माझा कागद काढून त्यावर सही केली आणि माझ्यापुढे ठेवला. शिफारशीच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती: 'हिच्याविरुद्ध तक्रार करायला मुले घाबरत नाहीत.'

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी आम्ही फाटकाशी उभे राहिलो. कुणालाच काही विचारलं नाही, चिठ्ठी कुणाची ते कळू द्यायचं नव्हतं. नुसत्या बाटल्या बघितल्या. सातवीच्या, सहावीच्या, आठवीच्या मुली समोरून जात होत्या आणि प्रत्येकीच्या दप्तराला बाटली हेलकावत होती, काठोकाठ भरलेली. साहेब शांतपणे मोजत होते, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, नळ चोरीला जातात म्हणून कुलूप. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं की ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, मी अहवालात दोन्ही लिहिलं. मावशी मध्येच म्हणाल्या, "माझ्याकडं द्या चावी, मी बघते कोण नळ नेतंय." पंधरा दिवसांच्या आत कुलूप निघालं. कडी आतून बसवली.

आई त्यानंतर डोंबिवलीबद्दल चकार शब्द बोलली नाही. चिठ्ठीची गोष्ट ऐकल्यावर तिने फक्त विचारलं, "त्या मैत्रिणीची लघवी तपासली का?" आणि उत्तर येईपर्यंत मला रोज विचारत राहिली.

माझे आठ तास केव्हाच फिटले होते, तरी पुढच्या शुक्रवारी मी कल्याणला गेले. खो-खो झाला. मी नेहमीसारखी बाद. पोरं नळाकडे धावली. लाल रिबिनीवाली मैदानातच बसली, दप्तराची बाटली सोडवली आणि तोंडाला लावली. गळा वर, डोळे मिटलेले, घटाघटा, मध्ये श्वासही न घेता. मग तिने ती रिकामी बाटली माझ्यासमोर उलटी धरून हलवली. एक थेंब पडला.

"पुरावा," ती म्हणाली.